जिभेखाली

तिच्या दंडावर एक पांढरी चकती,
जुन्या दोन रुपयाच्या नाण्याएवढी.
त्यातला केसाएवढा धागा कातडीखाली बसून
दर पाच मिनिटांनी चुगली करतो.

पोरगी लातूरला, ट्यूशन एरियात, तिसऱ्या मजल्यावर.
मी अंबाजोगाई–लातूर, दिवसाला चार खेपा.
गळ्यात तिकिटाचं मशीन, खिशात मोबाईल.
मशीन वाजलं की कागद निघतो,
मोबाईल वाजला की जीव.

परवा बर्दापूरला एक म्हातारी चढली.
रेणापूर म्हणाली.
मी म्हणाले, एकशे बेचाळीस.
पदराची गाठ सोडता सोडता थांबली ती,
'का गं, इमानानं न्यायलीस का मला?'
अख्खी गाडी हसली, मीही.
एकशे बेचाळीस प्रणोतीची होती,
जेवणानंतरची, आडव्या बाणाची.
चांगली होती.

नऊ वर्षांची असताना कळलं.
तेव्हा नुसती बोटं होती.
टोचून टोचून टोकं अशी राठ झाली
की वहीचं पान उलटायचं नाही.
मे महिन्यात लाईट गेली की इन्सुलिन
दोन मडक्यांमधल्या ओल्या वाळूत.
आणि दारात कुणीतरी हमखास विचारणार,
'एवढ्याशा लेकराला? गोड लई खायची का?'

चकती पंधरा दिवस टिकते.
महिन्याला दोन लागतात, मी एक घेते.
चकतीचा तो शुद्ध पंधरवडा,
बोटांचा तो वद्य.
वद्यात रात्री दोनचा गजर लावते ती तिकडे,
मी इकडे.

चकतीचा आकडाही शिळाच असतो थोडा.
रक्त पुढं गेलेलं असतं,
आपण मागच्या थांब्यावर उभं राहून
धूळ बघायची.

त्या दिवशी शेवटची खेप.
घाटात रेंज गेली आणि आकडा
एक्याऐंशीवर गोठला,
शेजारी बाण, सरळ खाली.
अकरा मिनिटं.
मी कुणाला काही बोलले नाही.
मुजीबभाईंनी आरशात एकदा बघितलं
आणि काही न विचारता गाडी दामटली.
फाट्यावर मोबाईल थरथरला,
'खाल्लाय गूळ. वर यायलाय. ओरडू नको.'
मी ओरडले.

दुसऱ्या दिवशी तिनं शेअरिंग बंद केलं.
'आई, मी पेपरला बसले तरी
तू माझ्या दंडात बसलेली असतेस.
रात्रीचं चालू ठेवते.
दिवसाचं माझं मला बघू दे.'

तीन दिवस हात आपोआप खिशात जायचा.
काचेवर नुसती एक राखाडी रेघ.
पिंपळफाटा, रेणापूर, राखाडी रेघ.
चौथ्या दिवशी फोन लावायला घेतला
आणि बोट तसंच राहिलं.
विचारायचं काय?
आठ वर्षांत 'किती?' सोडून
दुसरा प्रश्नच केला नव्हता मी तिला.
शाळेतून आली, किती?
झोपलीस का, किती?
वाढदिवसाला केक कापला, सुरी हातातच,
किती?

लातूरच्या स्टँडवर, सात नंबरच्या फलाटामागं,
ट्रे मांडीवर घेऊन बसले.
'काय करायलीस?'
'काही नाही. मेसच्या वरणात डाळ शोधायले.'
मग बराच वेळ बोलली.
रूममधली घुगे झोपेत सूत्रं म्हणते म्हणे,
तीही चुकीची.
खिडकीतून समोरच्या गच्चीवर
एक माणूस रोज दोरीच्या उड्या मारतो,
पन्नाशीचा, लुंगी खोचून.
मी हसत होते आणि तो प्रश्न
ओठांपर्यंत येत होता.
दातांमागं अडवला,
जिभेखाली धरून बसले
खडीसाखरेच्या खड्यासारखा.
मोठा खडा होता.

मुजीबभाईंनी हॉर्न दिला.
'ठेवते,' म्हणाले.
'अगं, विचारलं नाहीस?' ती म्हणाली.